ओला रंग

ताराचंद मास्तरांनी उभा जन्म शाळेत पोरांना चित्रकला शिकवली आणि घरी बसून माणसांचे चेहरे रंगवले. चेहरे तरी कुणाचे? मेलेल्यांचे! इतवारी पेठेत कुणी वारलं की घरचे आधार कार्डावरचा फोटो घेऊन प्रताप नगरात मास्तरांकडे यायचे. तेरवीच्या, म्हणजे तेराव्या दिवसाच्या, आत तैलचित्र पाहिजे म्हणायचे. मास्तर रंगात लवकर वाळायचं औषध घालून वेळेवर द्यायचे. डोळे मात्र सगळ्यात शेवटी. डोळे काढले की चित्र झालं, मग त्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नेम.

म्हणूनच त्यांच्या पत्नी पुष्पलताबाई कधी त्यांच्यासमोर बसल्या नाहीत. तुमच्या हातचं चित्र म्हणजे हार आलाच, मले नाही मरायचं इतक्यात, असं हसून टाळायच्या. मास्तर फारच मागे लागले तर लाटणं दाखवायच्या.

यंदा बाईंच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले, आणि बाई आपणहून खिडकीपाशी खुर्चीत येऊन बसल्या. मास्तरांना नाही म्हणायची सोय होती का? आज गाल रंगवावा, तर उद्या तो आणखी बसलेला. मास्तर खरडून पुन्हा रंगवायचे. पदर झाला, कुंकू झालं, मागची भिंतसुद्धा दोनदा झाली. डोळ्यांच्या जागा तेवढ्या कोऱ्या.

"अजी, डोळे काढा न आता," एक दिवस त्या म्हणाल्या. "मी बसून बसून थकली."

"काळा रंग सरला वं."

बाईंनी समोरच्या भरल्या ट्यूबकडे नुसतं पाहिलं. मास्तरांनी डोळे काढले. पण वाळायचं औषध घातलं नाही, उलट रंग उशिरा वाळावा म्हणून जवसाचं तेल सढळ हातानं ओतलं. ओल्या चित्राला कुणी हार घालत नाही, एवढंच त्यांच्या डोक्यात. वेडेपणाच तो, पण दुसरं त्यांच्या हाती होतं तरी काय?

त्याच आठवड्यात पुष्पलताबाई गेल्या. मास्तर रोज सकाळी चित्रातल्या डोळ्याच्या कडेला हळूच बोट लावून पाहायचे. बोट काळं झालं की त्यांना बरं वाटायचं. मुलाला, कुशलला, सांगायचे, ओलं आहे अजून, घाई करू नको.

तेरवीच्या सकाळी कुशल झेंडूचा हार घेऊन आला.

"बाबा, वाळलं का?"

मास्तरांनी बोट लावलं. मग जरा दाबून लावलं. बोट कोरडंच निघालं. तरी त्यांनी ते पायजम्याला पुसलं, आणि हारासाठी हात पुढे केला.