सामाईक भिंत

बुधवारी सकाळी मी नकाशे काढायचा प्रोग्राम अपडेट केला आणि आमचं स्वयंपाकघर नव्या आवृत्तीत गेलं. माई त्या वेळी आतच होती. हॉल जुन्या आवृत्तीत राहिला. तिथे अप्पा दिवाणावर पेपर वाचत होते आणि मी कॉम्प्युटरसमोर बसले होते.

मी मिरजेत घरीच बसून बांधकामाचे नकाशे काढते. प्रोग्राम शिकताना पहिला नकाशा आमच्याच ब्लॉकचा काढला होता. तो कधी पुसला नव्हता.

दारातून माई स्पष्ट दिसत होती. पण उंबरठा ओलांडला की मी हॉलच्याच दुसऱ्या टोकाला, गॅलरीपाशी निघायचे. तीनदा करून पाहिलं.

"चहा कुठाय, विचार तिला," अप्पा म्हणाले.

"सांग त्यांना, गाळतेय," माई आतून म्हणाली.

माझे आईवडील अकरा वर्षं एकमेकांशी बोललेले नाहीत. धाकट्या काकाच्या लग्नात काहीतरी झालं होतं. काय झालं ते दोघंही मलाच सांगतात, आणि वेगवेगळं सांगतात.

माईने कप पुढे केला. तो दारात अर्धाच आला आणि थांबला. उभा कापल्यासारखा दिसत होता, छेदाच्या नकाशात दाखवतो तसा. चिनी माती, चहा, वरची साय. एक थेंब सांडला नाही.

मी कंपनीच्या मदतीच्या नंबरावर फोन लावला. पलीकडच्या माणसाने आपलं नाव प्रणीत सांगितलं.

"मॅडम, रीस्टार्ट केलंत का?"

केलं. हॉल दोन फुटांनी आखूड झाला. दिवाणाची कड टीव्हीला टेकली.

"आता जुन्या तात्पुरत्या फाइल्स काढून टाका."

काढल्या. दोन्ही खिडक्या गेल्या. त्यांच्या जागी गुळगुळीत गिलावा होता.

"पेपर दिसत नाहीये," अप्पा म्हणाले. "पडदे ओढलेत का, विचार तिला."

"अप्पा, खिडक्याच गेल्यात."

"तरी विचार."

"अँटीव्हायरस बंद करून बघता का, मॅडम?"

बंद केला. बाहेरचं दार गेलं आणि छत हाताला लागेल इतकं खाली आलं. माझी कानशिलं तापली.

"अहो, आणखी काय काय घालवणार आहात? माझी आई तिकडे अडकलीय!"

"मी तुमची अडचण समजू शकतो, मॅडम."

"नाही समजू शकत! पाठ केलेलं बोलू नका!"

पलीकडे कीबोर्डच्या कळा दाबल्याचा आवाज येत राहिला.

"दोन्ही आवृत्त्यांत एक नाव सामाईक आहे," तो म्हणाला. "त्यावरूनच सगळं भांडण आहे. हेमांगी शेवडे. तुम्हीच ना?"

मी दाराकडे पाहिलं. स्वयंपाकघरात माईच्या मागे मी उभी होते, फोन कानाला लावून. त्या दुसरीचाही चेहरा लाल झाला होता. माई तिला म्हणत होती, "सांग त्यांना, चहा निवतोय."

"एक आवृत्ती ठेवायची, एक काढायची," प्रणीत म्हणाला. "हॉल काढू की स्वयंपाकघर?"

"हॉलमध्ये माझे वडील आहेत."

"मग स्वयंपाकघर काढू?"

मी माउस टेबलावर आपटला. आतलीने ओट्यावर मूठ आपटली.

"केवढ्याने ओरडतेस, हेमा," अप्पा म्हणाले. "आणि तिला सांग..."

"तुम्हीच सांगा ना! अकरा वर्षं झाली! तोंडं नाहीत का तुम्हा दोघांना?"

आम्ही दोघी एकदमच ओरडलो होतो. अप्पांनी पेपरची घडी केली. माईने गॅस बंद केला. दोघांपैकी कोणी बोलेल म्हणून मी वाट पाहिली. खरंच पाहिली, बराच वेळ. छत केसांना लागलं.

"सामाईक नावच काढलं तर?" मी फोनवर विचारलं.

"तसा पर्याय आहे. दोन्ही आवृत्त्या राहतात. पण तो कोणी निवडत नाही, मॅडम."

"कुठे आहे?"

"सगळ्यात खाली. करड्या अक्षरांत."

मी दाबलं. आतलीनेही बोट पुढे केलेलं मला दिसलं.

दाराच्या जागी आता नऊ इंची भिंत आहे. दोन्ही बाजूंचा गिलावा अजून ओला आहे आणि मी त्याच्या आत एकटीच उभी आहे. श्वास घेता येतो. पोटाकडे हॉल, पाठीकडे ओटा. आधी दोघांनी मला हाका मारल्या, वेगवेगळ्या. मी ओ दिली नाही. मग हॉलमध्ये चपला फरपटल्या, ओट्यापाशी बांगड्या वाजल्या. अप्पांनी माझ्या छातीपाशी कान टेकवला. त्याच उंचीवर, माझ्या पाठीला माईचा कान लागला. दोघंही ऐकू लागली. मी दात आवळून धरले.