रोकडे सर का हसले

भावनाचं पत्र दोन हजार एकच्या डिसेंबरात आलं होतं आणि किसन रोकडे सरांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. सहा वर्षं होत आली होती. हरवलं म्हणावं, तर ते हरवलंही नव्हतं. शब्दकोशाच्या पानांत घडी करून ठेवलेलं होतं आणि सरांना ते तोंडपाठ होतं.

भावना त्यांची अंबरनाथच्या शाळेतली जुनी विद्यार्थिनी. आता उल्हासनगरात चौथीला शिकवत होती. तिने लिहिलं होतं :

'आदरणीय सर, सप्रेम जय भीम. माझ्या वर्गात सिंधी, मराठी, यूपीकडची अशी सगळी मुलं आहेत. परवा मधल्या सुट्टीत एकाने दुसऱ्याचा डबा जातीवरून नाकारला. मला काय बोलावं तेच सुचेना. मी घंटा झाल्यावर सरळ धडा सुरू केला. सर, वर्गात या गोष्टी कशा बोलायच्या? मला सांगेल असं दुसरं कुणी दिसत नाही. आणि आणखी एक विचारायचं आहे, रागावू नका. आठवीत असताना मी शिष्यवृत्तीचे फॉर्म द्यायला स्टाफरूममध्ये आले होते. वैद्य सर म्हणाले, आली का सरकारी जावयांची यादी? सगळे हसले. तुम्हीही हसलात. सर, तुम्ही का हसलात?'

पहिल्या प्रश्नावर सरांनी चार-चार पानं लिहिली होती. समता, बंधुता, बालमन, सगळं होतं त्यात. दुसऱ्या प्रश्नापाशी आले की पेन थांबायचं. मग ती पानं फाटायची.

सर तसे पहिल्यापासून बुजरे. छप्पन साली पंधराव्या वर्षी वडिलांबरोबर नागपूरला गेले, दीक्षा घेऊन आले, आणि आल्यावर जे पुस्तकात तोंड घातलं ते बाहेर काढलंच नाही. मराठी शिकवायचे, इतिहास शिकवायचे. शाळेत रुजू झाले त्याच वर्षी मुख्याध्यापकांनी शिष्यवृत्तीच्या फॉर्मांचा गठ्ठा त्यांच्यापुढे सरकवला. "तुमचीच मुलं, तुम्हीच बघा." बावीस वर्षं त्यांनी बघितलं. दर जुलैत वर्गावर्गांत जायचे आणि म्हणायचे, "मागासवर्गीय विद्यार्थ्यांनी उभं राहा." पोरं मान खाली घालून उठायची. सरांना त्याचा राग यायचा. लाज कसली? ताठ मानेने उठा की! आपण पोरांना स्वाभिमान शिकवतोय असं त्यांना मनापासून वाटायचं. यादी घरी बसून हजेरीपटावरून करता आली असती, पोरांना एकेकट्याला बोलावता आलं असतं, हे बावीस वर्षांत एकदाही त्यांच्या डोक्यात आलं नाही. एवढी पुस्तकं वाचून!

आणि पोरांकडून ताठ मान मागणारे हेच सर स्टाफरूममध्ये कसे बसायचे? खुर्चीच्या कडेवर.

दोन हजार सातच्या नोव्हेंबरात शाळेतून फोन आला. मुख्याध्यापिका कुंदा प्रधान बोलत होत्या. शनिवारी दुपारी शिक्षकांसाठी कार्यशाळा होती. विषय, वर्गातली विषमता आणि शिक्षक. "सर, तुम्ही यायलाच हवं. तुमच्या जिव्हाळ्याचा विषय आहे."

शेजारी पत्नी भागीरथीबाई लसूण सोलत ऐकत होत्या. फोन ठेवल्याठेवल्या म्हणाल्या, "तुमच्या जिव्हाळ्याचा? आणि त्यांच्या नाही का?"

"बोलायची पद्धत असते गं."

"हो, त्यांची बोलायची पद्धत आणि तुमची गप बसायची. बरोबर जमतंय." त्यांनी लसणाची टरफलं सुपातून झटकली. "जा, जा. मऊ बोलून या."

बेलवलीतल्या घरून रिक्षा बदलत बदलत सर अंबरनाथला पोचले. शाळेचा हॉल तोच होता, खुर्च्या प्लॅस्टिकच्या झाल्या होत्या. पहिल्या रांगेत हेमचंद्र वैद्य बसले होते. तेही निवृत्त होऊन आता संस्थेच्या समितीवर होते. केस पांढरे झालेले, बाकी तेच गुलगुलीत हसणं. त्यांनी शेजारची खुर्ची थोपटली.

"या रोकडे! आज तुमचाच दिवस."

सर बसले. कडेवर.

कार्यशाळा घ्यायला राजसी नावाची मुलगी आली होती. तिशीची असेल. बोलणं गोड, तळमळही खरी. ती म्हणाली, भाषण देण्यापेक्षा करून दाखवू. नववीची वीस मुलं तिने हॉलच्या मागच्या भिंतीला लागून एका रांगेत उभी केली. मी या रंगीत कार्डांवरचं एकेक वाक्य वाचेन, ते ज्याला लागू पडेल त्याने एक पाऊल पुढे यायचं, बाकीच्यांनी जागेवर राहायचं. तीस शिक्षक वह्या उघडून बघत होते.

"ज्यांच्या घरी अभ्यासाला वेगळी खोली आहे."

सात-आठ मुलं पुढे आली.

"ज्यांचे आजोबा कॉलेजात शिकले."

पाच.

"ज्यांना आडनाव सांगितल्यावर पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही."

इथे रांग नीटच फुटली. पुढे गेलेली मुलं वळून मागे बघू लागली, कोण कोण राहिलं ते.

"ज्यांच्या घरी पुस्तकांचं कपाट आहे."

अगदी मागे भिंतीपाशी उरलेल्या एका मुलीने पाऊल पुढे टाकलं. मग थांबली आणि परत मागे घेतलं.

"काय झालं गं? नाव काय तुझं?" राजसीने विचारलं.

"पायल. कपाट होतं मॅम. आजोबांचं. मांजर्लीला राहतो आम्ही. पुरात गेलं."

"ओह! मग आत्ता नाही ना? मागेच थांब हं."

आणखी दहा-बारा वाक्यं झाली. शेवटी सगळ्यात पुढे वरद नावाचा एक मुलगा, जवळजवळ व्यासपीठाला टेकलेला. आणि मागच्या भिंतीला एकटी पायल. मधे सगळा हॉल. दोन शिक्षिकांचे डोळे भरून आले. एकीने डोळ्यांना पदर लावला. राजसी हळू आवाजात म्हणाली, "बघा. हे चित्र नीट बघून घ्या." सगळ्यांनी माना वळवून पायलला बघून घेतलं.

सरांना आपले जुलैतले वर्ग आठवले. दर जुलैत ते हेच तर करत होते! तेव्हा खडूने माखलेले हात होते, आता रंगीत कार्डं होती, एवढाच फरक.

"पायल," राजसीने विचारलं, "सगळ्यांत मागे उभं राहून तुला कसं वाटतंय? मोकळेपणाने सांग."

तेवढ्यात वैद्य रोकडे सरांच्या कानाशी वाकले. "रोकडे, तुमची मुलगी मागे पडली की हो. हिला आता पळायलासुद्धा राखीव जागा द्या."

आणि सरांचे ओठ हलले. वर्षानुवर्षांच्या सवयीने, त्यांना न विचारता, ओठांचे कोपरे वर जायला लागले. त्याच वेळी तिकडे भिंतीपाशी पायल हसली. काही नाही मॅम, ठीक वाटतंय, असं म्हणत ती हसली आणि पदर लावलेल्या बाईसुद्धा सुटल्यासारख्या हसल्या. पोरीने सगळ्या हॉलला मोकळं करून टाकलं होतं. ते हसू सरांना ओळखीचं होतं. ते हसू ते स्वतः बावीस वर्षं तोंडावर घेऊन फिरले होते.

तळपायाची आग मस्तकात गेली.

"वैद्य," सर म्हणाले. आवाज त्यांच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "हे मोठ्याने बोला."

"काय?"

"आत्ता माझ्या कानात बोललात ते. सगळ्यांना ऐकू दे."

"अहो, गंमत केली."

"मग सगळ्यांनाच कळू द्या की गंमत. माझ्या एकट्याच्या कानात कशाला?"

वैद्यांचा चेहरा लाल झाला. "रोकडे, तीस वर्षांची मैत्री आहे आपली. माझ्या मनात काही असतं तर मी तुम्हाला शेजारी बसवलं असतं का?"

"बसवलं! तुम्ही मला बसवलं!" सर उभे राहिले. खुर्चीची पाठ धरावी लागली. "हेच म्हणतोय मी. तीस वर्षं तुम्ही मला बसवताय आणि मी उपकार मानतोय."

प्रधान बाई पुढे आल्या. "सर, प्लीज, मुलांसमोर नको. आपल्या शाळेत आपण जात मानतच नाही."

"मग ती पोरगी तिथे कशी पोचली, बाई? चालत?"

राजसी मधे पडली. "सर, तुमचा राग मी समजू शकते. हा सराव त्यासाठीच आहे. इथे सगळे सुरक्षित आहेत."

"कोण सुरक्षित आहे? मी आहे? ती आहे?" सरांना धाप लागली. बोलायला सुरुवात केली की आपल्याला पुढचं वाक्य सापडत नाही ही त्यांची जुनी भीती. पण आज वाक्यं एकमेकांना ढकलत येत होती. "तिला विचारता, कसं वाटतंय. कशाला? यांच्या वहीत लिहायला? ती काय फळा आहे? पुढच्यांना विचारा ना, तुम्ही इथवर कसे आलात. त्यांना एकही प्रश्न नाही. उत्तर द्यायचं मागच्यांनीच, रडायचं यांनी, आणि पाच वाजता चहा!"

पुढे उभा असलेला वरद रडवेला झाला. "सर, मी काय केलं? मॅम म्हणाल्या म्हणून पुढे आलो."

सरांचा आवाज उतरला. "तू काही केलं नाहीस, बाळ. तुझ्यावर नाही ओरडलो मी." तरी तो पोरगा हुंदके द्यायलाच लागला आणि सरांना वाटलं, झालं, हेही बिघडवलं आपण. खाली बसावं. माफी मागावी. वैद्य तर वाटच बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर आत्ताच क्षमा करून टाकल्याचा भाव आला होता. तो भाव बघितला आणि सर बसले नाहीत.

"याच शाळेत मी बावीस वर्षं पोरांना वर्गात उभं केलं," ते म्हणाले. "जात विचारून. माझ्याच पोरांना. आणि स्टाफरूममध्ये त्यांना सरकारी जावई म्हणायचे तेव्हा मी हसायचो. आठवीतली एक मुलगी दारात होती, फॉर्म घेऊन. तिने मला हसताना बघितलं. हे शिकवा शिक्षकांना. मुलांना मागं-पुढं कशाला करता? आपण कुठे कुठे हसलो ते एकेकाने उठून सांगा. वैद्य, तुमच्यापासून सुरुवात करू या?"

कुणी उठलं नाही. वैद्य उठले, पण ते दाराकडे निघाले. जाताना म्हणाले, "म्हातारपणी डोकं फिरलंय यांचं."

भिंतीकडून आवाज आला. "सर, मी बसू का?"

पायल अजून तिथेच उभी होती. एवढ्या गोंधळात तिला बस म्हणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सरांनाही नाही.

"बस, बाळ. बस."

चहाला कुणी सरांजवळ आलं नाही. प्रधान बाई संस्थेला काय सांगायचं म्हणून फोनवर होत्या. राजसी कार्डं गोळा करत होती. तिने एकदा सरांकडे बघितलं आणि पुन्हा कार्डं मोजू लागली. फाटकापाशी एक तरुण शिक्षक धावत आला. "सर, पटलं मला. पण उद्या वर्गात कुणी जातीवरून बोललं, तर मी नेमकं काय करू? ते सांगा ना."

"मला माहीत नाही," सर म्हणाले. "पण धडा पुढे चालू करू नका."

सर घरी आले. भागीरथीबाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला. "काय झालं? बोललात?"

"ओरडलो. एक पोरगा रडवला. वैद्य निघून गेले."

"वैद्य गेले?" बाईंनी डोळे मोठे केले. "एवढी वर्षं कुठे ठेवला होता हा आवाज?"

"टोमणे नकोत, भागीरथी."

"टोमणा नाही मारला," त्या म्हणाल्या. "खरंच विचारलं."

रविवारी सकाळी सर लिहायला बसले. या वेळी एकच पान झालं.

'प्रिय भावना, सप्रेम जय भीम. उत्तराला सहा वर्षं लावली. तू विचारलंस, मी का हसलो. मला त्यांच्या टेबलावर चहा प्यायचा होता. हसलो नसतो तर उद्या खुर्ची मिळाली नसती, असं वाटायचं. तू दारात आहेस हे मी बघितलं होतं. बघूनही हसलो. हे तुला माहीत नसेल म्हणून सांगतो. तेव्हा घाबरलो होतो आणि तुझं पत्र आल्यावरही घाबरलो. माझ्या भीतीची किंमत तुम्ही मुलांनी मोजली, याचा मला आता स्वतःचाच फार राग येतो. तो जाऊ नये असं वाटतं.

वर्गात कसं बोलायचं ते मला येत नाही. काय करू नये, तेवढं माझ्या चुकांवरून सांगतो. कुणालाही उभं करू नकोस, कौतुकासाठीसुद्धा नाही. ज्याचा डबा नाकारला त्याला कसं वाटलं ते सगळ्यांपुढे विचारू नकोस. ज्याने नाकारला त्याच्याशी बोल, त्याला हे कुणी शिकवलं ते शोध, त्याच्या आईबापांना बोलाव. आणि पहिल्यांदा स्वतःबद्दल सांग. तुझ्या एका सरांबद्दलही सांगितलंस तरी चालेल. नाव घेऊन सांग.

मला माफ कर असं लिहीत नाही. ते तुझ्यावर ओझं होईल. किसन रोकडे.'

तिची बदली झाली असेल म्हणून सरांनी तिच्या भावाला, मिलिंदला, फोन करून शाळेचा नवा पत्ता घेतला. मिलिंद म्हणाला, "सर, ती अजून विचारते, तुमचं काही आलं का म्हणून." सरांनी पत्ता लगेच पाकिटावर उतरवला.

सोमवारी पोस्ट उघडायच्या आधीच ते निघाले. भागीरथीबाईंनी चपला घातल्या.

"तू कुठे?"

"तुमच्याबरोबर. पेटीपाशी जाऊन परत आणाल."

पोस्टाच्या लाल पेटीपुढे सर थांबले, पाकिटावरचा पत्ता पुन्हा वाचला, आत टाकलं. पाकीट तळाला पडल्याचा आवाज आला.

"गेलं?" भागीरथीबाईंनी विचारलं.

"गेलं," सर म्हणाले.