शर्टाची कड

रंगारीकाकांचा कानातला तोल बिघडून तीन महिने झाले होते, आणि तेवढ्यात काकूंच्या कमरेचाही निकाल लागला होता. सकाळ-संध्याकाळ काकांनी उशीवर पाय जुळवून, डोळे मिटून उभं राहायचं आणि काकूंनी जवळ थांबून आकडे मोजून वहीत लिहायचे, असा फिजिओथेरपिस्ट बाईंचा हुकूम होता. न पडता तीसपर्यंत गेले की मगच शिडीचं नाव काढायचं. शिडीविना रंगारी म्हणजे घरात बसून भिंतींना नावं ठेवणारा माणूस, आणि ते काम काका इमानेइतबारे करत होते.

पहिल्याच आठवड्यात सातव्या आकड्याला काका कपाटावर आदळले. भुवई फुटली. दुसऱ्या दिवशी काकूंनी मागून त्यांच्या शर्टाची कड हळूच चिमटीत धरली. दोन बोटं तर आहेत, त्यात काय एवढं, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. त्या दिवशी बारा झाले. मग वीस. महिनाभरात वहीत रोज तीस पडू लागले आणि काका शिडी पुसायला लागले. काकू पेचात पडल्या. सांगावं तर माणूस खचणार, न सांगावं तर शिडीवर चढणार.

तपासणीच्या दिवशी बाईंनी वही पाहिली आणि खूश होऊन काकांना मऊ गादीवर उभं केलं.

"काकू, तुम्ही खुर्चीत बसा निवांत."

आठव्या आकड्याला काका कलंडले. बाईंनी त्यांना सावरलं, पुन्हा एकदा वही चाळली आणि त्या काकूंकडे वळल्या.

"घरी धरता का यांना?"

काकू इतक्या थकल्या होत्या की खोटं बोलायचंही त्राण उरलं नव्हतं. "शर्ट धरते. मागून. मला नाही बघवत हो, पडताना."

"डगमगल्याशिवाय मेंदू शिकत नाही, काकू. कुणी धरलंय म्हटल्यावर तो कशाला मेहनत घेईल? आता कोपऱ्यात उभं करा. मागे भिंती, समोर खुर्ची. गेला तोल तर भिंतीला टेकतील. तुम्ही लांब बसायचं."

घरी आल्यावर काकांनी चहासुद्धा मागितला नाही. संध्याकाळी मात्र आपणच उशी उचलून कोपऱ्यात टाकली, खुर्ची ओढली आणि डोळे मिटून उभे राहिले. काकू पलंगावर बसल्या. हात आवरेनात, म्हणून ते मांड्यांखाली दाबून धरले.

"एक, दोन, तीन..."

सहाला काका हलले. आठला पाय थरथरले. नवाला खांदा धाडकन भिंतीवर आपटला. काकू अर्ध्या उठल्या आणि परत बसल्या.

"किती?" काकांनी विचारलं.

"नऊ." मग त्यांना राहवलं नाही. "चुकलंच माझं. महिना फुकट घालवला तुमचा."

काका खांदा चोळत म्हणाले, "मला कळत होतं."

"काय?"

"तुझी बोटं. पहिल्या दिवसापासून."

"अहो, मग बोलला का नाहीत?"

"भीती वाटायची गं," काका म्हणाले. "बरं वाटायचं, तू धरलंस की."

काकूंनी डोळ्यांना पदर लावला. काकांनी उशी पायाने सरळ केली आणि पुन्हा डोळे मिटले.

"हं. मोज."