माझ्या घंटेमागून

मी कार्तेरो बोलतोय. कार्तेरो म्हणजे आमच्या भाषेत टपालवाला. मी बैल आहे, वळू नव्हे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण वळूंच्या झुंजीचं आमचं जुनं रिंगण बघायला येणारे पाहुणे रोज तिथेच चुकतात. तिकीट काढून आत येतात, अडीचशे वर्षांच्या दगडी खांबांवरून हात फिरवतात, मग मागच्या अंगणाच्या कुंपणातून माझे फोटो काढत विचारतात, "हाच का तो झुंजणारा?"

माझा राखणदार रेमिहियो पायरीवर बसून पाव आणि कांदा खात असतो. तो मान वर न करता म्हणतो, "हा कसला झुंजतोय. हा पत्ता बघून टपाल पोचवतो."

पाहुणे हसतात. टपाल कुठलं आणि पत्ता कुठला, ते मात्र कोणी विचारत नाही.

मीच सांगतो. वळू एकटा पडला की बिथरतो आणि बिथरला की दिसेल त्याला शिंगावर घेतो. पण गळ्यात घंटा बांधलेला बैल त्याच्या पुढे चालू लागला, की तो गुमान मागे येतो. लहानपणापासून कुरणात आमच्या घंटेमागूनच तो पाण्यावर गेलेला असतो, चाऱ्यावर गेलेला असतो. घंटा पुढे आहे म्हणजे सगळं ठीक आहे, एवढंच त्याला ठाऊक. त्याच घंटेमागून तो उत्सवाच्या दिवशी दुपारी अंधाऱ्या खोलीत शिरतो. मी पुढच्या दाराने बाहेर पडतो आणि दोन्ही दारं पडतात. संध्याकाळी त्याची खोली उघडते ती थेट रिंगणात, तलवारवाल्या माणसासमोर, आणि तिथून तो जिवंत परतत नाही.

माझा जन्म इथून दोन तासांवरच्या एका कुरणातला. ओकची झाडं, उन्हाळ्यात पिवळं गवत, आणि गुरांवर देखरेख करणारा बाल्दोमेरो. सात महिन्यांचा असताना मला दोरीने पाडून खच्ची केलं. त्याबद्दल जास्त बोलत नाही. नंतर बाल्दोमेरोने माझ्या गळ्यात एक जुनी घंटा बांधली. तिच्यात लाकडी लोलक आहे, त्यामुळे ती किणकिणत नाही, टोक टोक वाजते. सांगितलेलं काम नीट केलं की तो मूठभर हरभरे देई. तळहात खरखरीत, पण हरभरे भिजवलेले.

त्या कुरणात आल्मेंद्रा नावाची गाय होती. आमच्याकडे वासराला आईच्या नावावरून नाव पडतं, म्हणून तिच्या वासराचं नाव आल्मेंद्रितो. तो दहा दिवसांचा असताना आल्मेंद्रा ओढ्यात पाय मोडून गेली. बाल्दोमेरोने त्याला बाटलीने दूध पाजलं, आणि झोपायला तो माझ्याकडे आला. मी आई नाही आणि बापही होऊ शकत नाही, हे त्याला कोण समजावणार? माझ्या मानेखाली अंग मुडपून निजायचा. जाग आली की घंटा चाटायचा. दोन उन्हाळे असे गेले. मग या रिंगणाच्या लोकांनी मला मागून घेतलं आणि मी गावात आलो.

गावाची मला लवकर सवय झाली. मुळात माझा स्वभाव चौकस. अंगणावर ओब्दुलियाची बाल्कनी आहे. ती तिथून कलिंगडाच्या साली टाकते आणि सोबत गावभरच्या बातम्याही. कोणाची सून माहेरी गेली, कोणाचा नवरा कोणत्या गुत्त्यात बसतो, सगळं मला पाठ आहे. तीन सप्टेंबर असे गेले, तीन उत्सव. किती वळू पोचवले ते मी मोजत नाही.

चौथ्या उत्सवाला लॉरीचं दार उघडलं आणि आत पाच वर्षांचा काळाभोर वळू चारी पाय रोवून उभा होता. कोणी हात लावायला धजेना. मी दोन पावलं पुढे गेलो. टोक टोक. त्याने मान खाली घातली, फळीवरून उतरला आणि माझ्या घंटेला जीभ लावली.

"बघा," लॉरीमागून बाल्दोमेरो म्हणाला. तो आता चांगलाच म्हातारा झाला होता. "ओळखलं त्याने."

"असा गरीब वळू संध्याकाळी काय झुंजणार, काका?" रेमिहियो म्हणाला. "लोक बसायच्या उशा फेकून मारतील आम्हाला."

"गरीब नाही तो. ओळखीच्या माणसांत शांत आहे. तू सासुरवाडीला असतोस तसा."

वरून ओब्दुलिया म्हणाली, "तिथे हा शांत नसतो हो, झोपलेला असतो."

हसणं ओसरल्यावर बाल्दोमेरो खालच्या आवाजात म्हणाला, "माझा हा शेवटचा उत्सव. पुढच्या वर्षी नवा माणूस येईल. याची आई असायची त्या कुंपणात मी पाणी भरून आलोय. याला परत नेणार."

परत जायला एकच वाट असते. वळू इतक्या हिमतीने झुंजला पाहिजे की सगळ्या गावाने त्याच्यासाठी जीवदान मागावं, आणि झुंजीच्या अध्यक्षांनी कठड्यावर नारिंगी रुमाल टाकावा. अकरा वर्षांत तो रुमाल निघाला नव्हता.

दुपारी मी आल्मेंद्रितोला अंधाऱ्या खोलीत नेलं. उंबऱ्याशी तो थबकला. मी घंटा हलवली. तो आला. दारं पडली. रेमिहियोने हरभरे दिले, मी खाल्ले.

झुंज आम्हाला दिसत नाही, ऐकू येते. तुतारी, मग घोड्यावरचा भालेवाला आला की होणारी कुजबुज, मग पाठीत टोकदार रंगीत काठ्या रोवल्या की टाळ्या. बाल्दोमेरो आत बसलाच नाही. माझ्या शेजारी बादली पालथी घालून बसला आणि टोपी गुडघ्यावर ठेवून ऐकत राहिला. एकदा लोक एकदम गप्प झाले तेव्हा त्याने माझं शिंग धरलं. मग ओरडा सुरू झाला, आधी एका कोपऱ्यातून, मग सगळीकडून. जीवदान, जीवदान.

"काका," रेमिहियो धावत आला, "नारिंगी निघाला."

बाल्दोमेरोने टोपी घातली, काढली, पुन्हा घातली.

आता एवढंच राहिलं होतं, की आम्ही सहा घंटावाल्या बैलांनी आत जायचं आणि त्याला बाहेर आणायचं. फाटक उघडलं. तो लाकडी कुंपणाला टेकून उभा होता. पाठीवर काठ्या लोंबत होत्या, रक्त खुरांपर्यंत आलं होतं. मी घंटा वाजवली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि तो हलला नाही.

मी जवळ गेलो. तो मागे सरला.

"ऐकू येत नसेल त्याला," रेमिहियो फाटकातून ओरडला. "सगळे एकदम फिरवा."

आम्हाला सहाही जणांना त्याच्याभोवती गोल फिरवलं. सहा घंटा. जितकं वाजवावं तितका तो कुंपणाला चिकटत गेला. वर लोक आधी हसले, मग शिट्ट्या वाजवू लागले. पिढ्यान्‌पिढ्या इथली माणसं हेच करत आलीत. वळू येत नाही? घंटा वाढवा. चौथ्या फेरीला माझ्या ध्यानात आलं की त्याला चांगलं ऐकू येत होतं. दुपारी याच घंटेमागून तो आला होता, आणि ती कुठे घेऊन गेली ते तो विसरला नव्हता.

बाल्दोमेरोला ते तेव्हाच समजलं असावं. "बैल परत घे," तो म्हणाला. "कार्तेरोची घंटा काढ."

"बिनघंटेचा बैल रिंगणात? काका, गाव थुंकेल माझ्यावर."

"थुंकू दे. काढ म्हणतो ना. बाकीचे बैल आतच ठेव."

पट्टा जुना, घामाने घट्ट झालेला, बक्कल निघेना. शेवटी म्हाताऱ्याने चाकूने कापला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी गुपचूप चाललो. मलाच माझा भरवसा वाटेना. सगळं रिंगण शांत झालं होतं. आल्मेंद्रितोने मला जवळ येऊ दिलं. घंटा असायची त्या जागी नाक लावलं, हुंगलं, आणि तिथेच मान टेकवून थोडा वेळ उभा राहिला. मग मी वळलो आणि तो माझ्यामागून निघाला.

या सगळ्यात पाऊण तास गेला होता. अंगणात गुरांच्या डॉक्टरने काठ्या काढल्या, जखमा धुतल्या, हात पुसत म्हणाला, "रक्त फार गेलंय. लवकर आणला असता तर."

बाल्दोमेरोने कोणालाच दोष दिला नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत तो आल्मेंद्रितोच्या तोंडाशी बादली धरून बसला होता. पलीकडे त्या दिवशीच्या झुंजीची तुतारी वाजली तेव्हा आल्मेंद्रितोने कान टवकारले. ते पुन्हा खाली आले नाहीत.

"गेला का हो?" वरून ओब्दुलियाने विचारलं. तिला आज गंमत सुचत नव्हती.

"त्याच्या आईच्या कुंपणातलं पाणी तसंच भरलेलं राहिलं," बाल्दोमेरो म्हणाला. बादलीतलं उरलेलं पाणी त्याने माझ्यापुढे ठेवलं आणि तो लॉरीत बसून गेला. पुन्हा आला नाही.

माझ्या घंटेला आता नवा पट्टा आहे. पिवळा, जाड चामड्याचा, चाकूलाही दाद देणार नाही असा. रेमिहियो वाईट माणूस नाही. पट्टा बांधताना त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही कधी उत्सवाला आलात आणि रिंगणात घंटावाले बैल फिरताना दिसले, तर एवढंच करा, हसू नका. आणि कोणाला जीवदान मिळालंच, तर आधी आमच्या गळ्यातली ही घंटा काढायला सांगा.

आज सकाळी नवी लॉरी आली आहे. आतल्या एकाने घंटा ऐकून मान वर केली. दुपारी मी त्याच्यापुढे चालेन. नंतर हरभरे मिळतील. ते मी खाईन, तुमच्याशी खोटं कशाला बोलू.