पाऊण मिलिमीटरचे आटे

"कुणाचा विश्वास बसायचा नाही, पण फोटो काढायला मी सूर्याला पाऊण तास थांबवून धरलं होतं!"

शेरगाझी टर्नरनं हे वाक्य उच्चारलं की काराकोलच्या बाजारात निदान एक तरी माणूस हातातलं काम टाकून त्याच्या शेडकडे निघायचाच. बहुतेक वेळा तो शेजारचा लगमानवाला इसहाक असायचा. शेवया ताणून ताणून पिठाळलेले हात तसेच झटकत यायचा, उलट्या बादलीवर बसायचा आणि म्हणायचा, "चालू दे. गेल्या वेळी अर्धा तास होता."

त्या एका फोटोवर शेरगाझीची म्हातारपणाची भाकरी चालली होती. खिमायंत्राचे स्क्रू आणि पंपाचे दांडे वळणारे बाजारात आणखी चार जण होते. पण कॅमेरा दुर्बिणीला जोडायची कडी हवी असली की नवशिकी पोरं त्याच्याकडेच यायची. शुक्र सूर्यावरून चालत गेला तेव्हाचा फोटो ह्याच्याच कडीतून निघाला, असं गावभर ठाऊक होतं. तो फोटो कुणी पाहिलेला नव्हता. पाहणार कसा? निघालाच नव्हता.

एका दुपारी एक बाई आली. खांद्यावर दुर्बिणीचा पुरुषभर उंचीचा नळ होता, पावसाच्या पाण्याचा असतो तसा, शाळेच्या बाकांच्या हिरव्या रंगानं रंगवलेला. शेरगाझीनं नळ आधी ओळखला, बाई नंतर.

"हा कासिमालीचा."

"हो आबा. मी नूरझादा, त्यांची धाकटी."

कासिमाली फिजिक्सचा मास्तर, शेरगाझीचा दोस्त. तळ्यातल्या मोडीत निघालेल्या बोटीच्या खिडकीची काच आणून त्यानं सहा महिने घासली आणि ह्या नळाचा आरसा केला. वारून बारा वर्षं झाली होती.

"मोबाइल धरून चंद्र काढून पाहिला," नूरझादा म्हणाली, "हात हलतो. म्हणून हा जुना डिजिटल कॅमेरा घेतला. ह्याचं भिंग काढून टाकायचं आणि दुर्बिणीलाच भिंग करायचं. कॅमेऱ्याच्या तोंडाला बसणारी कडी विकत मिळाली. आता तिच्यापासून नळापर्यंतचा तुकडा हवा. एका बाजूला आटे, दुसरी बाजू गुळगुळीत, डोळा लावतो त्या भोकात सरकेल अशी."

"आणि आरसा? कॅमेरा लावलास की चित्र नळातच राहतं, बाहेर पोचत नाही. सगळे तिथंच रडतात."

"चार बोटं वर सरकवलाय. नवी भोकं पाडून."

बापाची पोर, शेरगाझीच्या मनात आलं. हिला सांगायला हवं. आज, आत्ता. बापाला सांगायचं राहून गेलं होतं.

त्यानं विकतची कडी हातात घेतली, व्हर्नियरनं मोजली. बेचाळीस मिलिमीटर. मग आटे मोजायची फणी काढली, एकेक पातं लावून पाहिलं. पाऊण मिलिमीटर. पुन्हा लावून पाहिलं, आणखी एकदा. पाऊणच.

"तिसऱ्यांदा?" इसहाक बादलीवर येऊन बसला होता. "डोळ्यानं आटे मोजणारा माणूस ना तू?"

शेरगाझीनं फणी मिटून ठेवली. वीस वर्षांपूर्वी, शुक्राच्या वेळीही, कडी बेचाळीसचीच होती. कासिमालीचा कॅमेरा जुना रशियन, त्याला एक मिलिमीटरचे आटे. शेरगाझीनं व्यास मोजला, आटे डोळ्यानं पाहिले आणि म्हणाला, कळलं. लेथवर आधीच्या कामाचे गिअर होते, पाऊणचे. बदलायचे तर अर्धा तास कोपरापर्यंत ग्रीस. त्यानं तसेच पाडले. कडी दिसायला चांदीसारखी झाली. ऐन दिवशी, सूर्याच्या काठावर शुक्राचा ठिपका लागलेला असताना, ती दीड वेढा फिरली आणि रुतून बसली.

आता त्यानं लेथचं झाकण उघडलं. गिअर एक मिलिमीटरच्या आट्यांचे होते. तो एकेक काढू लागला.

"नूरझादा," हात ग्रीसमध्ये असताना तो म्हणाला, "तुला एक सांगायचंय. तुझ्या बापाच्या त्या फोटोचं..."

"सांग की!" इसहाकनं मांडी थोपटली. "पोरीला कळू दे. गरुडापासून सांग."

आणि तोंड सुटलं. शेरगाझीचं तोंड असंच होतं, त्याला न विचारता निघायचं.

"कडी मी आदल्या दिवशीच देऊन ठेवली होती. लोण्यात सुरी जावी तशी बसली. नळाच्या तोंडाला काळी फिल्म, आत सूर्य नारंगी थाळीएवढा, आणि थाळीत मिरीचा दाणा. तो शुक्र! आता खटका दाबायचा, तर डोंगराकडून गरुड आला आणि सूर्यासमोर घिरट्या घालायला लागला."

"गेल्या वर्षी कावळा होता."

"वीस वर्षांत वाढणार नाही का तो?"

नूरझादा हसली. हसताना तिच्या गालाला बापासारखी खळी पडली, आणि शेरगाझीनं मान लेथमध्ये खाली घातली. पितळ फिरू लागलं, सोनेरी किस निघू लागला.

खरी गोष्ट लहान होती. रुतलेली कडी सोडवून तो धावत शेडवर आला, गिअर बदलले, नवी कडी पाडली. एक वाजला होता. शुक्र सूर्यावर साडेपाचपर्यंत राहणार होता, वेळ भरपूर होता. नवी कडी खिशात घालून परत निघाला, तर वाटेत एका घरी बाळाला पाळण्यात घालायची मेजवानी. फाटकातून हाका आल्या: शेरगाझी, ते सूर्यावर काय चाललंय म्हणतात, सांगून जा! दोन मिनिटं, म्हणून तो आत गेला. सांगायला लागला आणि सगळे जेवायचे थांबले. बायका दारात आल्या. असं ऐकणारं माणूस त्याला जन्मात मिळालं नव्हतं. आणि मग घरच्या म्हाताऱ्यानं सगळ्यांत मानाच्या पाहुण्याचं असतं ते मेंढीचं डोकं उचलून, पांढऱ्या दाढ्यांना ओलांडून, त्याच्यापुढे ठेवलं. बावन्न वर्षांच्या टर्नरपुढे! डोकं पुढे आलं की उठता येत नाही. ते कापायचं, कान पोरांना, डोळा जिवलगाला, सगळ्यांना वाटून मग आपण. त्यानं वाटलं. वाटताना आणखी एक गोष्ट सांगितली.

"कडी देऊन येतो," एवढंच म्हणायचं होतं. कुणी अडवलं नसतं. हे त्याला तेव्हाही ठाऊक होतं.

पोचला तेव्हा साडेपाच वाजून गेले होते. कासिमाली नळ कापडात गुंडाळत म्हणाला, "बस, चहा घे. आठ वर्षांनी पुन्हा आहे." आठव्या वर्षी शुक्र जूनमध्ये आला. कासिमाली फेब्रुवारीतच गेला होता. त्यापुढचा यायला शंभराहून जास्त वर्षं. त्याच्या मृत्यूनंतर चाळिसाव्या दिवशीच्या जेवणात कुणीतरी हळहळलं, बिचाऱ्याचा फोटो राहिला. तेव्हा शेरगाझी बोलून गेला, राहिला कुठे, काढला की आम्ही! मेलेल्याला तेवढं तरी द्यावं असं वाटलं होतं. मग गिऱ्हाइकं येऊ लागली.

कडी झाली. त्यानं ती पुसली आणि नूरझादाच्या हातात दिली. तिनं ती कॅमेऱ्यावर फिरवली. एक वेढा, दोन, तीन, चार. तळाशी जाऊन मऊ टेकली. दुसरं टोक नळाच्या भोकात सुळकन सरकलं.

"बसली," ती म्हणाली. "किती झाले आबा?"

"तुझ्याकडून घेईन होय?" आणि पुन्हा त्याला वाटलं, आता. इसहाक किटलीत पाणी ओतत होता, यंत्र बंद होतं. "पोरी, त्या दिवशी मी..."

"गरुडाचं काय झालं पण?" इसहाक म्हणाला. "अर्धवट टाकू नकोस."

शेरगाझीनं नूरझादाकडे पाहिलं. ती नळाला टेकून उभी होती, ऐकत होती. असं ऐकणारं माणूस.

"त्याला टोपी दाखवली. गेला. तोवर शुक्र काठाला आलेला, म्हणून सूर्याला म्हटलं, थांब बाबा पाऊण तास, मास्तरनं सहा महिने काच घासलीय. थांबला! कासिमालीनं खटका दाबला. एक नाही, अकरा फोटो. आणि तुझा बाप, कधी रडला नव्हता, तो रडला. मला मिठी मारली, म्हणाला, शेरगाझी, तू होतास म्हणून..."

"आबा," नूरझादा म्हणाली, अगदी हळू, पण इसहाकनंही किटली खाली ठेवली, "तुम्ही आलात तेव्हा सूर्यावर काहीच उरलं नव्हतं. आमचं फाटक मी उघडलं होतं. तुमच्या हनुवटीला चरबी लागली होती."