लगामाची कडी

मी एक जुनी लोखंडी कडी आहे. आत-बाशी गावच्या लोहाराने मला लगामासाठी घडवलं. बारा वर्षं मी एका हट्टी तांबड्या घोड्याच्या तोंडाशी राहिले आणि त्याला वेळेवर थांबवण्याचं पुण्य माझ्या पदरी आहे. घोडा गेला. पुढे मालकाची नात बुरुल पूल बांधायचं शिकायला नारिन शहरातल्या विद्यापीठात निघाली, तेव्हा आजोबांनी मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, "किल्ल्या अडकव हिच्यात." मित्रांनो, घोड्याला निदान लगाम होता.

आधी फक्त खोलीची किल्ली होती. मग बुरुल वर्गप्रमुख झाली आणि २१४ नंबरच्या वर्गाची आली. मागोमाग वसतिगृहाच्या स्वयंपाकघराची आणि नाचाच्या कपड्यांच्या पेटीची आली. तिसऱ्या वर्षी ती विद्यार्थी मंडळाची अध्यक्ष झाली, तेव्हा मंडळाच्या खोलीची किल्ली मिळाली. सोबत आणखी एक मिळाली. तिचं कुलूप कुठलं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, पण "नाही" म्हणणं बुरुलला जमत नसे, म्हणून तीही घेतली.

"तू येतेस ते अख्ख्या जिन्याला ऐकू येतं," तिची मैत्रीण सायरागुल म्हणायची. "घंटा बांधलेली बकरी बरी."

"नौरोजचा सण झाला की कामं वाटून देते गं."

"गेल्या नौरोजलाही हेच म्हणाली होतीस."

या ओझ्याने माझा सांधा फाकत चालला होता. मी कुरकुरायचे, पण ऐकतो कोण? बुरुल मात्र लोखंड-काँक्रीट किती ताण सोसतं त्या विषयाच्या पेपरात दोनदा नापास झाली. तिसरी संधी शेवटची होती. ती हुकली तर विद्यापीठातून नाव कमी होणार, पूल बांधणं राहून जाणार आणि पोरगी गावी परत जाणार. मला फार वाईट वाटायचं. घोड्याला थांबवणं सोपं होतं.

म्हातारे तेमिरकुल सर तोंडी परीक्षा घेणार होते. दिवस ठरला नेमका नौरोजचा, दुपारी दोन वाजता, २१४ मध्ये. त्याच दुपारी वसतिगृहात मेजवानी होती, उपकुलगुरू पाहुणे होते आणि यजमान अर्थात बुरुलच.

आमच्याकडे वडीलधाऱ्याने तळवे उचलून आशीर्वाद दिल्याशिवाय पंगतीतून कोणी उठत नाही. उपकुलगुरूंचा आशीर्वाद हवामानापासून सुरू व्हायचा आणि मुलींच्या लग्नांपर्यंत पोचायचा. गेल्या वर्षी चहा दोनदा गार झाला होता.

मांस वाढायचं काम बुरुलचं. कंबरेचं हाड सर्वात मानाच्या पाहुण्याला आणि बरगड्या लहानांना, हे आमच्या शेंबड्या पोरालाही कळतं. पण हिचा एक डोळा घड्याळावर आणि डोक्यात सूत्रं. कंबरेचं हाड गेलं बॉयलर सांभाळणाऱ्या ओस्मोन आजोबांच्या ताटात आणि बरगडी गेली उपकुलगुरूंच्या.

"मेलीस तू," सायरागुल कुजबुजली.

ओस्मोन आजोबांनी हाडाकडे पाहिलं, मग उपकुलगुरूंकडे.

"बाळ, वय काय तुझं?"

"एकसष्ट, आजोबा."

"माझं एकोणऐंशी. पोरीने बरोबर वाढलंय."

मानाचं हाड ज्याचं, आशीर्वादही त्याचाच. जेवण आटोपताच आजोबांनी तळवे उचलले. "देवा, पोरींच्या पोटात अन्न असू दे, बॉयलरात आग असू दे. ती विझायला आलीय, म्हणून उठतो. ओमीन."

उपकुलगुरूंच्या हातातले आशीर्वादाचे चार कागद तसेच राहिले आणि बुरुल धावत सुटली.

पावणेतीन झाले होते. तेमिरकुल सर वर्गाबाहेर खिडकीच्या कट्ट्यावर बसलेले दिसले. दाराला कुलूप होतं आणि किल्ली माझ्यात.

"परीक्षकालाच बाहेर ठेवणारी विद्यार्थिनी चाळीस वर्षांत पाहिली नव्हती," सर म्हणाले.

"चुकले सर." तिचे डोळे भरून आले. घाईने तिने मला खिशातून ओढलं आणि माझा सांधा पुरता उघडला. सहाही किल्ल्या फरशीवर विखुरल्या.

सरांनी मला उचललं आणि चष्मा लावला. "हाच प्रश्न. ही इथेच का उघडली?"

"सांध्यापाशी..." बुरुलने नाक पुसलं. "कडी गोल असली तरी ताण सगळीकडे सारखा नसतो, सर. जिथे आधीच फट आहे, तिथे तो गोळा होतो. रोज थोडी फाकत गेली असणार."

"उपाय?"

"लोखंड जाड घ्यायचं."

"आणि ते मिळत नसेल तर?"

तिने फरशीवरच्या किल्ल्या एकेक करून मोजल्या. "वजन कमी करायचं."

"हे कळायला तुला तीन परीक्षा लागल्या," सर म्हणाले. मग तिला आत नेऊन त्यांनी तासभर गणितं घातली आणि शेवटी 'उत्तीर्ण' लिहिलं. २१४ ची किल्ली मात्र खिशात टाकली. "ही माझ्याकडे राहू दे. मला दार उघडता येतं."

त्याच आठवड्यात स्वयंपाकघर सायरागुलकडे गेलं, कुरकुर करत का होईना. कपड्यांची पेटी नाचणाऱ्या मुलींनी घेतली. लोहाराने माझा सांधा पुन्हा जुळवला. आता माझ्यात तीनच किल्ल्या आहेत. खोलीची, मंडळाची आणि कुलूप नसलेली.

ती तिसरी बुरुलने कोणाला दिली नाही. जिच्यामागे काहीच काम नाही अशी एक तरी किल्ली जवळ असावी, असं ती म्हणते. मित्रांनो, तुमची कडी कुरकुरू लागली, तर तेल घालण्याआधी किल्ल्या मोजा.