कोडमधला शेवटचा शब्द

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वर्षी माझी बायको शहजादी हिच्या पोटात असलेला आमचा मुलगा मुनीब तेवीस वर्षांचा झाला आणि त्याचं लग्न झालं, त्या उन्हाळ्याची ही गोष्ट. आमच्यात लग्नानंतर मुलीकडचे लोक नवरानवरीला ओळीनं काही शुक्रवार जेवायला बोलावतात, त्याला जुम्मगी म्हणतात. मुनीब जुम्मगीला सासरी नांदेडला गेला तो शनिवारीही परतला नाही. लातूरच्या गॅरेजात मी एकटाच.

नेमका त्याच सकाळी भोकरचा व्यंकट आपली पांढरी गाडी ट्रॅक्टरला बांधून ओढत आला. त्याची मुलगी उज्वला दोन वर्षं लातुरात क्लासला होती. तिला रांधून घालायला व्यंकटची आई साखराबाई खोली करून राहिली होती आणि व्यंकट दर शनिवारी गाडीनं त्यांना शिधा पोचवायला यायचा. रविवारी उज्वलाची डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा, केंद्र मात्र नांदेडला. एस्टीत तिला उलट्या होतात आणि लग्नसराईत दुसरी गाडी मिळेना. व्यंकटची गाडी भोकरहून येताना तीनदा बंद पडली आणि लातुरात शिरताना चौथ्यांदा.

“दोन गॅरेजवाल्यांनी दोन सेन्सर बदलले, चाचा,” व्यंकट म्हणाला. “तिसरा मी घेऊनच आलो. टाका अन् मोकळं करा.”

मी म्हणालो, आधी मशीन लावून बघू. गाडीचा बिघाड सांगणारं हे मशीन नेहमी मुनीब वाचायचा. मराठी अक्षरं मी चाळिशीत शिकलो, त्याच्या पहिलीच्या पुस्तकातून; इंग्रजी त्याहून उशिरा, पार्टच्या खोक्यांवरून. मशीनवर बिघाडाचा कोड आला, पी शून्य तीन चार शून्य, आणि खाली एक ओळ. मी काचेवर बोट ठेवून एकेक अक्षर लावू लागलो.

“चाचा,” व्यंकट म्हणाला, “परीक्षा उद्या हाय. पुढच्या साली न्हाई.”

मी वाचतच राहिलो. कॅमशाफ्ट. पोझिशन. सेन्सर. इथपर्यंत आल्यावर व्यंकटनं नवा सेन्सर माझ्यापुढे धरला. पण ओळ संपली नव्हती. शेवटी अजून एक शब्द होता, सर्किट, म्हणजे तारा-प्लगची वाट.

कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारा दांडा. तो फिरून कुठं आला, हे सेन्सर गाडीच्या कॉम्प्युटरला कळवत असतो. कळवणं थांबलं की इंजिन बंद. मी व्यंकटला समजावलं, की सेन्सर मेला असं हे मशीन म्हणत नाही, निरोप पोचत नाही असं म्हणतं. सांगणारा धडधाकट असेल आणि वाटच बुजली असेल, तर दहा सांगणारे बदलून काय होणार? आधीच्या दोघांना भरभर वाचायची सवय होती. ते ‘सेन्सर’पाशीच थांबले असावेत.

बॉनेट उघडून, आडवं आलेलं सुकं लिंबू बाजूला सारून मी सेन्सरचा प्लग ओढला. आतल्या पिना गंजून हिरव्यागार पडल्या होत्या. ब्रशनं घासल्या, पेट्रोलनं धुतल्या, वाळवल्या, कोड पुसला. चावी फिरवताच गाडी एका सेलमध्ये सुरू झाली. व्यंकटनं नवा सेन्सर खिशात ठेवला आणि पहिल्यांदाच चहा मागवला. पण माझं समाधान होईना. पाऊस नाही, पाणी नाही, भर उन्हाळ्यात पिना हिरव्या कशानं पडल्या?

एवढ्यात साखराबाई आल्या. शनिवार होता. त्यांच्या हातात सुई-दोऱ्यात ओवलेलं ताजं लिंबू, मिरच्या आणि बिब्बा होता. चालू इंजिनावर वाकून त्यांनी जुनं, सुकलेलं लिंबू काढलं आणि त्याच जागी नवं बांधलं. बरोबर प्लगच्या डोक्यावर. ताज्या लिंबाचा एक थेंब टपकला आणि प्लगच्या फटीत गेला.

दर शनिवारी असंच चाललं होतं. पण म्हातारीला ‘तुमच्या लिंबानं नातीची गाडी बंद पाडली’ असं कोण सांगणार? त्यातून माझं नाव जलील, मुसलमानाच्या तोंडी ते बरं दिसलं नसतं. इंजिन बंद करून मी विचारलं, “माय, आत कामून बांधता?”

“भाईर बांधलं की क्लासची पोरं तोडून नेत्यात.”

“माय, नजर भाईरून येती. राखणदार दारात पाहिजे. तुम्ही त्याला चुलीपाशी बसवला.”

साखराबाईंनी लिंबाकडं पाहिलं, मग व्यंकटकडं. “हे तुला कामून सुचलं न्हाई रं?”

मी प्लग पुन्हा धुतला. लिंबू त्यांनी पुढच्या बंपरखाली बांधलं आणि पोरांच्या हाती लागू नये म्हणून मी त्याला तारेचे चार वेढे दिले. दुपारी व्यंकटनं गाडी औशापर्यंत नेऊन आणली. ती कुठंच थांबली नाही.

रविवारी पहाटे तिघं निघाले. साडेआठला नांदेडहून फोन आला. उज्वला बोलत होती. “पोचलो, चाचा. आजी म्हणती, राखणदार जागेवर हाय.”

त्याच साली डॉक्टरकीला तिचा नंबर लागला. मुनीब आता नवीन कामगारांना ओळ शेवटपर्यंत वाचायला लावतो. साखराबाई भोकरला वारल्या, २०२२च्या जानेवारीत, संक्रांतीनंतर चौथ्या दिवशी. उज्वला तेव्हा डॉक्टरकीच्या शेवटच्या वर्षाला होती.